दिवसा सांगितलेली कहाणी

(अमरावती. कापसाला सोन्याचा भाव आला होता, ती सालं. चैतातली कलती दुपार. घरात झोळीत एक पोर निजलेलं.)

मनकर्णा : जेवा म्हतलं तर भूक नाई, निजा म्हतलं तर झोप नाई. त्या पुडक्यात साप हाय काय? सकाळपासून मांडीवर घेऊन बसले, अन् सोडून बी पाह्यलं नाई.

शेषराव : सोडून पाहिलं. पुन्हा बांधलं.

मनकर्णा : काऊन?

शेषराव : मुंबईहून छापून आलं आहे. आठ पानं. एक अक्षर चुकलेलं नाही.

मनकर्णा : मंग गूळ वाटा ना गल्लीत! तोंड असं काऊन केलं, गाय हरपल्यावानी? अन् घरात पोथीतलं बोलू नका. 'चुकलेलं नाही' म्हने! माळ्याचं लेकरू, वांगे इकून लहानाचं मोठं झालं, अन् बायकोसंगं सायबाच्या बंगल्यावरचं बोलते.

शेषराव : सवय लागली, मनकर्णे. साहेबाला वऱ्हाडी कळत नाही.

मनकर्णा : साहेब काही चुलीपाशी बसून नाई राहिला. आना इकडं, मले पाहू द्या. कितले बारीक अक्षरं! वाचा बरं दोन ओळी.

शेषराव : वाचलं तरी तुला कळायचं नाही. अक्षरं आपली आहेत, बालबोध. बोली कोरकूंची, मेळघाटातली.

मनकर्णा : म्हंजे फुलकायचे बोल.

शेषराव : हो. फुलकायचे.

मनकर्णा : ती शेजारची रुख्मिणी काय म्हंते, ठाऊक हाय? म्हंते, तुहा नवरा पादऱ्याची पोथी लिवते, एक दिवस गळ्यात क्रूस घालून घरी येईन. मी म्हतलं, बाई, कांदा सुटत नाई म्हून ज्यानं तुळशीची माळ घातली नाई, तो क्रूस काय घालन!

शेषराव : बरं सांगितलंस.

मनकर्णा : हासले बी नाई. काय हाय हो त्यात असं?

शेषराव : एका बापाला दोन लेक. धाकटा आपला वाटा मागून घेतो, दूरदेशी जातो, सगळं उधळतो. मग तिकडं दुष्काळ पडतो. डुकरं राखायची पाळी येते. डुकरांचं खाणं पाहून तोंडाला पाणी सुटतं, तेही कोणी देत नाही. मग एक दिवस उठतो आणि घराची वाट धरतो. बाप त्याला लांबून पाहतो, आणि धावत सुटतो.

मनकर्णा : काठी घेऊन?

शेषराव : मिठी मारायला.

मनकर्णा : बाप्पा! आमच्या मामंजीनं पयले काठी पाह्यली असती, मंग पोरगं. पन हे तर मले ठाऊक हाय. फुलकायनंच सांगतली होती. माहं अंग तापानं फनफन करे, अन् ती इथं भिंतीले टेकून एकीकडं तिची सुकरी, एकीकडं आपली गंगू, दोघीले पाजत सांगे. पन दिवा लागल्यावर हो. दिवसा इचारलं तर तोंडावर हात ठेवे.

शेषराव : ठाऊक आहे मला.

मनकर्णा : दिवसा कहानी सांगतली का मामा रस्ता चुकते. माही माय बी म्हने. तुमची माय नोती म्हनत काय?

शेषराव : म्हणायची.

मनकर्णा : अन् फुलकायले ना नवरा, ना बाप. एक भाऊ तेवढा, मोती. तोच कापसाच्या गाड्यांवर गेलेला. मंग तिनं सायबाच्या बंगल्यावर भरदुपारी कहानी सांगतली कशी? मले तवापासून इचाराचं होतं.

शेषराव : आज नको विचारू.

मनकर्णा : मंग कवा? शिळी झाल्यावर?

शेषराव : ती येणार आहे आता. साहेबानं सांगितलं, तिला वाचून दाखवा, शेषराव. पुढच्या आठवड्यात आपण तिला घेऊन वर जाऊ, चिखलदऱ्याला, सेमाडोहला. तिच्याच माणसांपुढं वाचू.

मनकर्णा : ती नाई जानार. मोती आल्याबिगर अमरावतीतून पाय नाई काढनार. मोहफुलं वेचाचे दिस गेले, तिच्या गावच्या समद्या बाया चढून गेल्या, ही एकटी शेटच्या वाड्यात रेच्यावर कापसातली सरकी काढत बसली. या उन्हात सुकरीचं अंग पाह्यलं काय? घामोळ्यानं लाल झालं. म्हंते, मोती येईन अन् आमी दिसलो नाई, तर कुठं धुंडन?

शेषराव : म्हणूनच तर.

मनकर्णा : म्हनूनच काय? बोला ना! तुमी तिले दिवसा सांगाले लावली, हो ना?

शेषराव : ऐक तर मग. साहेबाचं काम दिवसाचं. दहाला बसायचं, तीनला उठायचं. साहेब आपल्या पुस्तकातून मराठीत सांगणार, मी तिला आपल्या बोलीत समजावणार, ती कोरकूत सांगणार, आणि मी लिहून घेणार. लहानपणी बापाबरोबर कांदे-मिरच्या देऊन डोंगरातून मोहफुलं आणायचो, तेवढीच माझी कोरकू. तिच्याशिवाय एक ओळ झाली नसती. पहिल्या दिवशी ती ओठ शिवून बसली. म्हणाली, दिवा लाव, मग बोलतो. माझा भाऊ वाटेवर हाय.

मनकर्णा : मंग लावाचा होता दिवा!

शेषराव : दिव्याला परक्या ओसरीवर मी आणि एक तरणी विधवा? रुख्मिणीनं गावभर दवंडी दिली असती.

मनकर्णा : मले घेऊन जाता आलं नसतं? मी तवा बरी होती. आनी मंग?

शेषराव : मग मी तिला म्हटलं, ही कहाणी नव्हेच. हे शास्त्र आहे, घडलेलं, खरं. त्याला दिवस काय नि रात्र काय. तिनं विचारलं, सच्ची? साहेब मान डोलवत होता. मी म्हटलं, हो, सच्ची.

मनकर्णा : तुमाले सच्ची वाटते?

शेषराव : मला तेव्हा काम सुरू व्हायला हवं होतं.

मनकर्णा : अन् त्या बिचारीनं मानलं! तुमच्या तोंडाकडं पाहून मानलं... पाहा, पाहा, पोट्टी झोपेत बी पाय हालवते. घुंगरू कसा वाजते पाहा. तुमी आयुष्यात एक चीज आनली लेकीसाठी, पन शोभली बाप्पा.

शेषराव : तो सोड.

मनकर्णा : काय सोड?

शेषराव : घुंगरू. फुलकाय यायच्या आधी पायातला सोड.

मनकर्णा : आता तिच्यासमोर काय लपवाचं? तुमच्या दप्तरात सापडला तवा मी तिच्यासमोरच बांधला. तिनंच तर कापसाचा दोरा वळून देल्ला. म्हने, चांगला आवाज हाय, अस्सल पितळ हाय.

शेषराव : मनकर्णे, तो मी आणला नव्हता.

मनकर्णा : मंग कोनं?

शेषराव : सूर्यभाननं आणून दिला. सूर्यभान गाडीवान, अकोल्याकडून मलकापूरपर्यंत कापूस नेणारा. आगगाडी तिथवर आली ना, सगळ्या गाड्या तिकडंच. मोती त्याच्याच रांगेत होता. माघातल्या पुनवेला रिकामी गाडी घेऊन सूर्यभान परत आला, तो सकाळी सरळ बंगल्याच्या फाटकाशी. म्हणाला, मोती गेला.

मनकर्णा : कुठं गेला?

शेषराव : मनकर्णे.

मनकर्णा : नाई.

शेषराव : मलकापूरला. गाड्यांच्या तळावर पटकी शिरली. अकरा माणसं दोन दिवसांत. पौषाच्या अवसेला मोती गेला. नदीच्या रेतीत पुरला त्यांनी. भाचीसाठी बाजारातून घुंगरू घेऊन कमरेला बांधला होता. सूर्यभान म्हणाला, तुमी तिले सांगा, मुनशी, माह्या तोंडातून निघनार नाई.

मनकर्णा : माघ... माघ, फागुन, चैत. दोन महिने! अन् मी, मी तो माह्या पोट्टीच्या पायात... आवं, तिनं सवताच्या हातानं दोरा वळला!

शेषराव : मी तो दप्तरात लपवला होता. तू बरी झाल्यावर एक दिवस मी घरी आलो, तोवर तू बांधून बसली होतीस. ती हसत होती. मी काय बोलणार होतो?

मनकर्णा : 'थांब' म्हनता आलं असतं! अन् सकाळी कळलं तर सकाळी काऊन नाई सांगतलं?

शेषराव : घुंगरू बंडीच्या खिशात घातला आणि आत गेलो. ती ओसरीवर बसली होती. त्या दिवशी लेक घरी यायचा होता.

मनकर्णा : कोनाचा लेक?

शेषराव : पुस्तकातला. दहा ओळी उरल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन मुंबईला निघणार होता. म्हटलं, दहा ओळी होऊ दे, मग सांगू. मनकर्णे, इतके दिवस ती सांगायची ते तिला सांगितलं म्हणून. त्या दिवशी ती उठून उभी राहिली. बाप शेतातल्या माळ्यावर चढून कुटकीचं पीक राखतोय म्हणाली. उन्हाला हात आडवा धरतो. लांब एक ठिपका. बाप चेहऱ्यावरून नाही ओळखत, चालीवरून ओळखतो; डावा खांदा जरा खाली, लहानपणी झाडावरून पडला होता म्हणून. शिडी उतरायला वेळ नाही, उडीच टाकतो. पुस्तकात यातलं काही नाही. माळा नाही, खांदा नाही.

मनकर्णा : मोतीचा खांदा तसाच होता.

शेषराव : हो. साहेबाला कोरकू अर्धी कळते, तरी त्याच्या डोळ्यांना धार. आणि मी लिहीत होतो. उजव्या हातानं लिहीत होतो, आणि खिशातला घुंगरू वाजू नये म्हणून डाव्या हातानं दाबून धरला होता.

मनकर्णा : दहा ओळीसाठी!

शेषराव : दहा ओळी दुपारीच संपल्या.

मनकर्णा : मंग सांजेले?

शेषराव : सांजेला सांगायचं ठरवूनच घरात पाऊल टाकलं. तू कोपऱ्यात तापात बडबडत होतीस. अकरा दिवस तुझ्या अंगावर दूध नव्हतं. बकरीचं दूध पोरीला पचलं नव्हतं, वाळून काडी झाली होती, आठवतं? आणि तिथं भिंतीपाशी फुलकाय बसलेली. गंगू तिच्या अंगावर पीत होती. चुटूचुटू आवाज येत होता. सांगितलं असतं, तर ती त्याच पावली घाट चढून गेली असती.

मनकर्णा : म्हंजे सायबाचं काम नुसतं निमित्त. माह्या पोरीच्या तोंडातलं दूध सुटू नये म्हून तुमी तिचा भाऊ झाकून ठेवला.

शेषराव : तुझीच नाही. माझीही पोर आहे.

मनकर्णा : मी बरी झाली, त्याले महिना झाला. गंगू आता माह्या अंगावर पिते. मंग तवा?

शेषराव : पहिल्या दिवशी ते एक वाक्य होतं. रोज जड होत गेलं. महिन्यानं तोंडात मावेना.

मनकर्णा : गंगू तिच्या दुधावर जगली. मंग मोती आपल्या गंगूचा बी मामाच झाला ना हो? आपल्याच पोरीचा मामा मेला, अन् आपल्या घरात सुतक नाई, पानी नाई, काही नाई. मी सनाले पुरनाच्या पोळ्या लाटल्या!

शेषराव : हळू. बाहेर कोणी आहे.

फुलकाय : बाई! ओ बाई! पाणी दे. गळा सुकला.

मनकर्णा : ये... ये वं, फुलकाय. आत ये, सावलीत.

फुलकाय : सुकरीला धर. अंगभर सरकीचा रुवा, पोर शिंकून शिंकून मरते. शेट म्हणते, अजून दोन गाडी कापूस आला. सारी दुनिया कापूस खाते का काय? तू रडली, बाई?

मनकर्णा : चुलीचा धूर.

फुलकाय : चूल तर थंडी हाय.

शेषराव : बस, फुलकाय. साहेबानं पुस्तक पाठवलं आहे.

फुलकाय : बसतो. गंगू निजली? केवढी झाली! घुंगरूवाली राणी. माझं दूध हाय, म्हणून जाडी झाली. मी बी जाडी झालो, बाई, पाहा. रोज मोतीची भाकर करतो, टोपलीत झाकून ठेवतो. तो येत नाही. सकाळी मीच खातो. त्याच्या वाट्याचं खाऊन खाऊन मी अस्वल होतो.

मनकर्णा : फुलकाय...

फुलकाय : आळशी हाय तो. मी बोललो होतो, लोखंडी बैल पाहायला थांबू नको. थांबला असेल. कुठं ढोल वाजला, तर तिथं नाचला असेल. येऊ दे, कान पिळतो. भोपळ्याचा तुमडा भरला माझा. रोज एक सरकी टाकतो, तो गेला त्या दिसापासून. आता तोंडापर्यंत आली. वाच, मुनशी.

शेषराव : नंतर वाचतो. आधी—

फुलकाय : नाही, आधी वाच. मी अर्धा दिस सोडून आलो. अजून उजेड हाय. सच्ची गोष्ट हाय ना, मग उजेडात वाच.

मनकर्णा : वाचू नका.

फुलकाय : काऊन, बाई? माझं बोलणं कागदावर कसं वाजते, मला ऐकायचं हाय.

शेषराव : ऐक... तुझ्या बोलीत आहे. सुरुवात इथून. बाप, दोन लेक...

फुलकाय : हां. हां. हे मी बोललो. असंच बोललो! कागद विसरत नाही, ना? पुढं. डुकरं. हां. आता बाप माळ्यावर चढते.

शेषराव : माळा नाही यात. बापानं लांबून पाहिलं, एवढंच ठेवलं.

फुलकाय : माळ्याबिगर लांबचं कसं दिसते? बरं. धावला ना?

शेषराव : धावला.

फुलकाय : मग बहीण?

शेषराव : बहीण...

फुलकाय : दारात उभी. हातात पाण्याचा लोटा. किती दिसांची उभी. ती बोलत नाही, पहिले त्याचे पाय धुते. मी बोललो होतो. तू लिहिलं होतं, मी पाहिलं.

शेषराव : साहेबानं खोडायला सांगितलं. मूळ पुस्तकात बहीण नाही.

फुलकाय : बाप हाय, मोठा भाऊ हाय, डुकरं हाय. बहीण नाही? मग त्याचे पाय कोण धुतले? इतक्या लांबून आला तो. पायात काटे असतील.

मनकर्णा : सांगता का मी सांगू? आवं, बोला! नाई तर ही पोट्टी उचलतो अन् मीच सांगतो.

फुलकाय : काय सांगते?

शेषराव : फुलकाय, माह्याकडं पाह्य. मोती नाई येनार.

फुलकाय : काऊन? तिथंच बायको केली?

शेषराव : मोती मेला. मलकापूरले. पटकी झाली होती त्याले.

मनकर्णा : बाई वं... फुलकाय...

फुलकाय : हात नको लावू, बाई. थांब. कोण बोललं?

शेषराव : सूर्यभान गाडीवान.

फुलकाय : तो जवळ होता?

शेषराव : होता. रातभर होता. फडक्यानं पानी पाजे म्हने.

फुलकाय : पाणी पोटात राहिलं?

शेषराव : नाई राहिलं.

फुलकाय : मला बोलावलं?

शेषराव : तुहं नाव घेतलं. सुकरीचं घेतलं.

फुलकाय : जाळला?

शेषराव : पुरला. नदीच्या रेतीत.

फुलकाय : डोकं कोणीकडं ठेवलं?

शेषराव : मी... मी नाई इचारलं.

फुलकाय : इचारायचं होतं. कोणत्या दिसाला मेला?

शेषराव : पौषाच्या अवसेले.

फुलकाय : तुला कधी कळलं? काल?

शेषराव : नाई.

फुलकाय : कधी, मुनशी?

शेषराव : माघातल्या पुनवेले. सकाळी.

फुलकाय : पुनवेला मी तुझ्यासंग होतो. बंगल्यावर. त्या दिसाला बाप धावला.

शेषराव : हो.

फुलकाय : मी उभी राहून बोललो. तू लिहीत होता. मान खाली होती तुझी. मी मनात बोललो, मुनशीला माझी गोष्ट आवडली, म्हणून वर पाहत नाही.

शेषराव : फुलकाय, मले माफ—

फुलकाय : आता एक बोल. तू बोलला, कहाणी नाही, सच्ची. सच्ची असली, तर त्याचा लेक घरी आला, माझा भाऊ काऊन नाही आला? आणि कहाणी असली, तर मी दिवसा सांगितली. मी माझ्या तोंडानं वाट चुकवली त्याची. काय होती? बोल. साहेब इथं नाही.

मनकर्णा : असं नको म्हनू वं. पटकीनं गेला तो, तुह्या बोलानं नाई. तथी अकरा मानसं गेले, त्यायच्या बहिनी काय दिवसा कहानी सांगत होत्या?

फुलकाय : तू नको बोलू, बाई. त्याला बोलू दे.

शेषराव : कहानी होती. तुले बसवाले मी खोटं बोललो. पाप तुहं नाई. माह्या मायनं मले लहानपनीच सांगतलं होतं, दिवसा नाई सांगाची. मले ठाऊक होतं. तुही वाट तू नाई, मी चुकवली.

फुलकाय : हां.

मनकर्णा : फुलकाय, हे दूध होतं ना, त्याच्यापाई बी... मी तापात होती. मले ठाऊक असतं, तर देवाची आन, मी...

फुलकाय : समजलो. मी गेलो असतो, तर हे पोर मेलं असतं, असं त्याला वाटलं. मी गेलो असतो का नसतो, त्याला काय ठाऊक? इचारलं असतं. मी गंगूला बांधून वर घेऊन गेलो असतो. एका अंगावर ही, एका अंगावर ती. रडता रडता बी दूध येते, बाई.

मनकर्णा : येते वं. येते.

फुलकाय : भाकर... ती भाकर मी घरात ठेवली. झाकून, दार लावून.

शेषराव : मंग?

फुलकाय : मेलेल्याची भाकर घरात ठेवत नाहीत. बाहेर ठेवतात, पानावर. तो आला असेल रोज सांजेला. घरात भाकरीचा वास येते, आणि दार बंद. आणि सकाळी मी खाल्ली. हसून खाल्ली.

मनकर्णा : बस कर, माय. बस कर.

फुलकाय : तुमड्यात बी सरक्या एकच झाल्या. कोणत्या तो जित्ता होता तेव्हाच्या, कोणत्या मेल्यावरच्या, आता कशा निवडू? आमच्यात सागाच्या लाकडावर चांद-सूर्य कोरतात, मेलेल्याच्या नावानं गाडतात. मग तो आपल्या बाप-आज्यात जाऊन बसते. तोवर भटकते. दोन महिने, मुनशी. मोहफुलं बी गेली.

शेषराव : मी येतो संगं. सेमाडोहले. लाकूड मी आनतो.

फुलकाय : तुझं लाकूड नको.

मनकर्णा : हे घे... थांब, मी सोडतो. हा घुंगरू तुह्या सुकरीचा हाय. मोतीनं घेतला होता. कमरेले होता त्याच्या. मले खरंच ठाऊक नोतं वं, मी आपला लेकीच्या पायात—

फुलकाय : हा? हा मोतीचा?

मनकर्णा : हो. ही गाठ सुटत नाई मेली...

फुलकाय : नाही सुटायची. मी दिलेली गाठ हाय. ओढू नको, जागी होईल.

मनकर्णा : होऊ दे जागी.

फुलकाय : नको. निजली हाय. उठली का मी सोडतो. तोवर वाजू दे.

शेषराव : फुलकाय, हे पुस्तक... मी सायबाले सांगतो. बहीन पुन्हा लिवतो. दारात, लोटा घेऊन. समद्या प्रतीत हातानं लिवतो.

फुलकाय : नको लिहू. साहेब बरोबर बोलला. बहीण दारात नव्हती. बहीण बंगल्यावर बसून गोष्ट सांगत होती.

मनकर्णा : ऊन उतरलं. रात्रभर राह्य इथंच, फुलकाय. उद्या पहाटे नत्थुजीची बंडी वर जाते, त्यात बसवून देतो. भाकर मी करतो, पानावर ठेवू, अंगनात. दोघी मिळून ठेवू.

फुलकाय : भाकर मी करतो. तू पीठ दे.

मनकर्णा : देतो, माय. सुकरी जागी झाली पाह्य. घे तिले.

फुलकाय : आण. ये, ये. मामा? मामा पाहते? थांब, रडू नको. बाई, दिवा लाव.

मनकर्णा : अजून उजेड हाय वं.

फुलकाय : तरी लाव. हिला हिच्या मामाची सांगतो. पहिल्यापासून सांगतो, झाडावरून पडला तिथून. गंगू बी उठेल, ती बी ऐकेल.

मनकर्णा : लावतो. हा पाह्य, लावला.

शेषराव : मी... मी बसू काय इथं? कोपऱ्यात बसतो. बोलनार नाई.

फुलकाय : नको, मुनशी. तू लिहून घेशील.